नवं-जुनं

मृग लागून आठ दिवस झाले होते आणि पुसदवर ढग नुसतेच येऊन जात होते. अशा एका दुपारी माझा भाचा पुण्याहून आला. सोबत त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. मग बहिणीनं पिशवीतून एक छापील अर्ज काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "भाऊ, जामीनदार म्हणून तुमची सही पाहिजे."

छत्तीस वर्षं मी बँकेत होतो. जामिनाच्या हजारो सह्या मी लोकांकडून घेतल्या. स्वतःची कधी दिली नाही. म्हणून आधी विचारलं, "कर्ज कशासाठी?"

भाचा खाली मान घालून म्हणाला, "कर्ज फेडण्यासाठी."

त्याच्याकडे चार क्रेडिट कार्डं निघाली. पहिल्यावर वडिलांच्या नांदेडच्या दवाखान्याचं बिल चढलं होतं. दुसऱ्यावर मोबाईल, फ्रीज आणि बरंच काही. तिसरं पहिल्या दोघांचे हप्ते भरायला घेतलं आणि चौथं तिसऱ्याचे. एकूण देणं 3,20,000 रुपये. आता एक बँक पंधरा टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज द्यायला तयार होती, पण जामीनदार मागत होती. चारही कार्डं फेडायची आणि एकच हप्ता भरायचा, असा बेत.

आमच्या भागात याला 'नवं-जुनं' म्हणतात. मार्च महिन्यात पीककर्ज भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. भरायला पैसे नसले तर चार दिवसांसाठी कुणा व्यापाऱ्याकडून आणायचे. बँकेच्या वहीत वसुली दिसते, शेतकऱ्याच्या नावावर थकबाकी राहत नाही, आणि कर्ज होतं तिथंच असतं. अशी किती नवं-जुनं मी माझ्या हातानं केली, ते मोजायला आता नको वाटतं.

मी कागद-पेन्सिल घेतली. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के. वर्षाचे बेचाळीस झाले. 3,20,000 वर महिन्याचं व्याज 11,200. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 2,016. त्याच्या कार्डांवर किमान भरणा देण्याच्या पाच टक्के होता. तो इमानेइतबारे दरमहा सोळा हजार भरत होता आणि त्यातले मुद्दलात जमा होत होते अवघे 2,784! शिवाय जुनी बाकी असताना कार्डावर नवी खरेदी केली, तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. बिनव्याजी दिवसांची सवलत उरत नाही. हे त्याला ठाऊकच नव्हतं.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता. व्याजाची बाकी मुद्दलापलीकडे जाऊ द्यायची नाही. 1875 साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यानंतर 1879 मध्ये इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. कार्डाच्या व्याजाचं काय? 2008 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं सांगितलं होतं की वर्षाला तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द ठरवला. तेव्हा कार्डवाल्यानं आपल्या पायरीनं राहावं, ही अपेक्षा सोडून आपणच जपून चालावं हे बरं.

पंधरा टक्क्यांच्या कर्जावर पहिल्या महिन्याचं व्याज होतं चार हजार. कुठे तेरा हजार आणि कुठे चार! हिशेबापुरतं पाहिलं तर प्रश्न तिथंच सुटतो. पण बँकेनं त्याला पाच वर्षांची मुदत सुचवली होती, हप्ता 7,613 रुपये. बहीण खूश होती, "सोळा हजारांचे साडेसात झाले!" मी तीन वर्षांचा हप्ता काढला, तो आला 11,093. तीन वर्षांत एकूण व्याज सुमारे 79 हजार, पाच वर्षांत सुमारे 1,37,000. लहान हप्त्यापायी 57 हजार जास्त द्यायचे. वर प्रक्रिया शुल्क दोन टक्के, करासह 7,552. आणि मुदतीआधी फेडलं तर काय दंड, ते अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात.

बहिणीनं हळूच हातातल्या पाटल्यांकडे पाहिलं. "याच्यावर स्वस्तात मिळते म्हणतात." मिळतं, खरं आहे. पण कार्डाच्या देण्यामागे काही गहाण नसतं. ते थकलं तर तगादा लागतो, नाव खराब होतं, कोर्टाची पायरीही चढावी लागेल. पाटल्या मात्र घरात राहतात. गहाण टाकल्या आणि हप्ते चुकले तर त्या लिलावात जातात. बिनतारणाचं देणं तारणाचं करायचं, तेही आईच्या अंगावरच्या सोन्यानं, याला मी साफ नाही म्हणालो.

तरी पेन उचलेना. मला एक माणूस आठवत होता.

2004 साली केंद्र सरकारनं शेतीकर्जाचं पॅकेज जाहीर केलं. सावकाराचं देणं फेडायला बँकांनी शेतकऱ्याला कर्ज द्यावं, अशी सोय त्यात होती. पुसद तालुक्यातल्या एका शाखेत मी तेव्हा अधिकारी होतो. एक कास्तकार आला. सावकाराचे चाळीस हजार, दर महिन्याला शेकडा पाच. बँकेचा दर त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी होता. मी हौसेनं प्रकरण केलं, चाळीस हजार त्याच्या हातात ठेवले आणि पाठ थोपटून घेतली. दोन वर्षांनी वसुलीला गेलो तर त्याच्यावर बँकही होती आणि सावकारही. अर्धे पैसे पोरीच्या लग्नात गेले होते. तो म्हणाला, "सायेब, तुमी पैसे देल्ले, पन त्याच्याजवळचा कागद वापस आला का नाही, हे नाही पाह्यलं तुमी." त्यानं पुढे चार एकर विकलं. माझ्या फायलीत त्या कर्जाचं उद्दिष्ट सफल म्हणून नोंदलेलं होतं.

भाच्याला मी हे सांगितलं. मग तीन अटी घातल्या. मुदत तीन वर्षांची. कर्जाची रक्कम त्याच्या हाती न येता परस्पर कार्डांच्या खात्यांत जावी. आणि कार्डं नुसती कापायची नाहीत, खाती बंद करून निल दाखले आणायचे. बाकी शून्य असेल आणि ग्राहकानं मागणी केली, तर कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाहीतर दिवसाला पाचशे रुपये दंड, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे.

"एक तरी ठेवू द्या ना मामा, अडीनडीला," तो म्हणाला.

"सोळा हजार भरायची तुला सवय आहेच. अकरा हप्त्याला जातील. उरलेले 4,900 दरमहा आवर्ती ठेवीत टाक. ती तुझी अडीनड."

मी सही केली. कर्ज आधी आणि दाखले नंतर, हा क्रम कुणालाच बदलता येत नाही. जामीनदाराला तेवढा विश्वास टाकावाच लागतो. त्या रात्री झोप लागली नाही.

आज माझ्या फायलीत तीन निल दाखले आहेत. चौथा येतो म्हणाला, त्याला दीड महिना झाला. दर पाच तारखेला मी फोन करतो. हप्ता भरला का, हे आधी विचारतो आणि मग त्या चौथ्या कागदाचं. गेल्या खेपेला तो जरा चिडला. चिडू दे. वीस वर्षांपूर्वी एका माणसाला हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.