पन्नास वर्षं राहिलात? पुरावा दाखवा!

'अहो, मी इथंच राहते, सगळी गल्ली ओळखते मला!' असं आपण अगदी सहज म्हणतो. पण गल्लीची ओळख सरकारदरबारी चालतेच असं नाही. ब्रिटनमधल्या पॉलेट विल्सन यांना हे फार महागात पडलं.

जमैकात जन्मलेल्या पॉलेट १९६८ मध्ये शाळकरी वयात इंग्लंडला आल्या. तिथंच शाळा, नोकरी, मुलगी, नात. कधीकाळी ब्रिटिश पार्लमेंटच्या उपाहारगृहात त्यांनी स्वयंपाकही केला. चौतीस वर्षं राष्ट्रीय विम्याचे पैसे भरले. आणि २०१५ मध्ये पत्र आलं, तुम्ही इथं बेकायदा राहता! सरकारी मदत थांबली. ऑक्टोबर २०१७ मध्ये तर त्यांना स्थानबद्ध करून जमैकाला धाडायची तयारी झाली. ज्या देशात पन्नास वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं, तिथं! खासदार आणि स्थानिक संस्थेने धावाधाव केली म्हणून त्या वाचल्या.

गंमत बघा. १ जानेवारी १९७३ पूर्वी स्थायिक झालेल्या राष्ट्रकुलातल्या लोकांना राहण्याचा हक्क कायद्यानंच दिला होता, पण हातात कागद मात्र दिला नव्हता. कित्येक मुलं तर आईवडिलांच्या पासपोर्टवर आलेली. त्यांच्या आगमनाची जुनी कार्डं खुद्द गृहखात्यानंच २०१० मध्ये नष्ट केली, आणि पुढं लोकांकडेच वर्षावर्षाचे पुरावे मागितले! हे 'विंडरश प्रकरण' २०१८ मध्ये गाजलं, पंतप्रधान थेरेसा मे यांना माफी मागावी लागली. पॉलेट २०२० मध्ये गेल्या.

असं प्रकरण अपिलात गेलं की मग काय लागतं? फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा नव्हे, 'हे खरं असण्याचीच शक्यता जास्त' एवढं न्यायाधीशांना पटावं लागतं. पण मधली वर्षं कोरी राहिली की प्रश्न सुरू होतात. शेजारणीची साक्ष चालते, पण तिचीही उलटतपासणी होते. म्हणून शाळेचा दाखला, डॉक्टरांच्या नोंदी, पगाराची आणि कराची कागदपत्रं, बँकेची पत्रं अशी वर्षागणिक साखळी जोडावी लागते.

आणि इथंच बायकांची गोची होते. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल त्याच्या नावावर, बँकेत आपलं नाव दुसरं! तीस वर्षं घर चालवणारी बाई कागदावर कुठंच नसते. अशा वेळी मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी, शाळेतून आईच्या नावे आलेली पत्रं, बाळंतपणाची कागदपत्रं यांचाच आधार होतो. जिला आपण 'रद्दी' म्हणतो ना, तीच!

तेव्हा परदेशी असलेल्या लेकीला, बहिणीला फोनवर लोणच्याची कृती सांगताना एवढंही विचारा, 'काय गं, तुझ्या नावाचं एखादं बिल येतं का घरी? आणि ते जपून ठेवतेस ना?'