प्रोजेक्ट सांगता येतो का?

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कंपन्या यायच्या आधी मॉक इंटरव्ह्यू घेतले जातात. टेबलापलीकडे दोन प्रशिक्षक, अलीकडे कडक इस्त्रीच्या शर्टातला शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. स्वतःबद्दल सांगायला लावलं की नाव, गाव, टक्केवारी, छंद सगळं घडाघडा येतं. ‘हा प्रोजेक्ट का केलास?’ म्हटलं की शांतता.

लातूरकडच्या एका मुलाचा प्रोजेक्ट जमिनीतला ओलावा मोजून मोटर चालू-बंद करण्याचा होता. त्याने आयओटीची व्याख्याच सुरू केली. प्रशिक्षक बाईंनी थांबवलं. “मराठीत सांग. मला शेतीतलं काही कळत नाही असं समज.”

मुलगा सावरून बसला. “मॅडम, आमच्याकडे शेतीची लाइट कधी कधी रात्रीच असते. वडिलांना अंधारात मोटर चालू करायला जावं लागतं.” मग म्हणाला, पहिला सेन्सर लवकरच बिघडला, त्याच्या उघड्या धातूच्या पट्ट्या ओल्या मातीत गंजल्या, म्हणून कपॅसिटिव्ह सेन्सर घेतला.

“आता हेच इंग्रजीत.”

वाक्यं तुटक आली, काळ दोनदा चुकला. पण ऐकणाऱ्याला प्रोजेक्ट कळला.

मुलांचं इंग्रजी कच्चं आहे, एवढं म्हणून आपण मोकळे होतो. दुखणं वेगळं आहे. आपल्या तोंडी परीक्षांनी वर्षानुवर्षं व्याख्यांना मार्क दिले; विषय माहीत नसलेल्या माणसाला आपलं काम समजावण्याची वेळच मुलांवर आणली नाही. यूजीसीने २०१९ मध्ये ‘जीवन कौशल्य’ हा ८ क्रेडिटचा अभ्यासक्रम आणला, त्यात संवादकौशल्यही आहे. पण साठ जणांच्या वर्गात तासाला एकेकाच्या वाट्याला मिनिटभर येतं. त्यात बोलायला कसं शिकणार?

लिहिण्याचंही तेच. सरावासाठी प्रसंग दिला होता: शुक्रवारी द्यायचं काम होणार नाही, टीम लीडला ईमेलने कळवा. एका मुलीने ‘रिस्पेक्टेड सर’नंतर चार ओळी नुसती माफी मागितली, काम कधी मिळणार, याचा पत्ता नाही. बाईंनी तिलाच खोडायला लावलं. माफी एका ओळीवर आली. खाली टेस्टिंग कशामुळे अडलं आणि किती झालं, हे आलं. विषयाची जागा रिकामीच होती. बराच विचार करून तिने लिहिलं: ‘लॉगिन टेस्टिंग सोमवारी दुपारपर्यंत’.