पाचवीचे जागरण : नवजात बाळाचे हृदय आणि पालकांची सावधता

बाळाच्या जन्मानंतर पाचव्या दिवशी पाचवी आणि सहाव्या दिवशी षष्ठीपूजन करण्याची प्रथा महाराष्ट्रातील अनेक घरांत आजही पाळली जाते. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिते अशी श्रद्धा असते, आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया ती रात्र जागून काढतात. या जागरणामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा कटू अनुभवही असावा. जन्मतः सुदृढ दिसणारे बाळ पहिल्या आठवड्यात अचानक मलूल होते, दूध सोडते आणि पाहता पाहता हातचे जाते, हे त्या काळच्या स्त्रियांनी पाहिलेले होते. असे का घडते, याचे उत्तर मात्र त्यांच्यापाशी नव्हते. आज ते बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. ते प्रत्येक घरी पोहोचलेले आहे, असे मात्र म्हणता येत नाही.

आनेकलकडे जाणारी वाट

बेंगळुरू शहराच्या आग्नेयेस, तामिळनाडूच्या सीमेला लागून आनेकल तालुका आहे. एके काळी हातमागावरील रेशमी वस्त्रांसाठी ओळखला जाणारा हा तालुका होसूर रस्त्यालगतच्या कारखान्यांमुळे आणि माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे झपाट्याने बदलला. नोकरीनिमित्त किंवा बदलीमुळे येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आहेत. याच तालुक्यातील बोम्मसंद्र येथे डॉ. देवी प्रसाद शेट्टी यांनी स्थापन केलेले नारायण हृदयालय हे रुग्णालय आहे. मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांसाठी ते देशभर ओळखले जाते.

जुलै २००३ मध्ये या रुग्णालयाचे नाव घराघरांत पोहोचले. दीड वर्षाच्या खंडानंतर दिल्ली-लाहोर बससेवा पुन्हा सुरू झाली आणि लाहोरहून निघालेल्या पहिल्याच बसने जेमतेम दोन-अडीच वर्षांची एक मुलगी आई-वडिलांसह भारतात आली. तिच्या हृदयाला जन्मतः छिद्रे होती. बोम्मसंद्र येथे तिच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही देशांतील असंख्य लोकांनी तिच्यासाठी प्रार्थना केली.

या घटनेतील एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. त्या मुलीच्या आई-वडिलांपाशी वेळ होता. आजार कळल्यावर योग्य ठिकाण शोधणे, प्रवासाची परवानगी मिळवणे आणि सीमा ओलांडून येणे त्यांना शक्य झाले. जन्मजात हृदयविकारांचे काही प्रकार मात्र असे असतात, की त्यात पालकांच्या हाती वर्षे किंवा महिने नसतात. कधी कधी केवळ काही तास असतात. अशा वेळी रुग्णालयाशेजारच्या गावातील बाळही उशिरा पोहोचू शकते, कारण खरे अंतर रस्त्याचे नसून विकार ओळखण्याचे असते.

जन्मानंतर हृदयात काय घडते?

गर्भात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू वारेतून मिळतो. त्यामुळे फुप्फुसांकडे निघालेले बरेचसे रक्त एका लहान नलिकेतून थेट महारोहिणीकडे वळवले जाते. या नलिकेस 'डक्टस आर्टेरिओसस' असे म्हणतात. जन्मानंतर बाळ पहिला श्वास घेते, फुप्फुसे उघडतात आणि या आडवाटेची गरज संपते. बहुतेक बाळांमध्ये ती पहिल्या दोन-तीन दिवसांत आकसून बंद होते.

ज्या बाळाच्या हृदयाची रचना सदोष असते, त्याच्यासाठी मात्र हीच आडवाट जीवनवाहिनी ठरते. फुप्फुसांकडे जाणारा मार्ग जन्मतः बंद असेल, महारोहिणी अरुंद असेल किंवा हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असेल, तर ही नलिका उघडी असेपर्यंत बाळ बरे दिसते. रडते, दूध पिते, रुग्णालयातून घरीही जाते. नलिका मिटू लागली, की त्याची प्रकृती काही तासांत ढासळते. 'काल तर चांगले खेळत होते' हे पालकांचे उद्गार म्हणूनच अगदी खरे असतात. विकार आधीपासूनच होता. त्याला झाकणारा पडदा तेवढा त्या दिवशी बाजूला झाला.

दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे आठ बाळांना कोणता ना कोणता जन्मजात हृदयविकार असतो. त्यांतील सर्वच गंभीर नसतात. हृदयाच्या कप्प्यांमधील लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप बुजतात आणि अशा मुलांना केवळ नियमित तपासणीची आवश्यकता असते. 'हृदयाला छिद्र आहे' हे शब्द ऐकताच धीर सोडण्याचे कारण नाही. पहिल्या दिवसांतच घात करणारे विकार हा यातील लहान गट आहे आणि सावधतेची खरी गरज तेथेच आहे.

एक लहानशी तपासणी

बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखवणारे पल्स ऑक्सिमीटर हे उपकरण करोनाच्या साथीत अनेक घरांत आले. याचे मूळ तत्त्व जपानचे अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधले. हेच तंत्र नवजात बाळासाठी वरदान ठरले आहे. जन्मानंतर चोवीस तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला लहान पट्टी लावून मोजमाप घेतले जाते. प्रमाण ९५ टक्के किंवा त्याहून अधिक असावे आणि दोन्ही आकड्यांत ३ टक्क्यांहून अधिक फरक नसावा, हा सर्वसाधारण निकष आहे. तपासणीला काही मिनिटे लागतात. सुई टोचावी लागत नाही. काही विकार, विशेषतः अरुंद महारोहिणी, या तपासणीतूनही निसटू शकतात. तरीही घरी जाण्यापूर्वी 'बाळाची ही तपासणी झाली का?' असे पालकांनी आवर्जून विचारावे. मोजमाप रुग्णालयातील बाळासाठीच्या उपकरणानेच व्हावे. मोठ्यांच्या बोटाचा घरगुती चिमटा यासाठी भरवशाचा नाही.

घरी काय पाहावे?

नवजात बाळाचे तळहात व तळपाय थंडीने निळसर दिसणे बहुधा स्वाभाविक असते. ओठ, जीभ आणि हिरड्या निळसर किंवा करड्या दिसणे मात्र धोक्याचे असते. सावळ्या बाळाच्या कातडीवरून ही छटा सहज कळत नाही, म्हणून जीभ उजेडात पाहावी. दूध पिताना दमणे, कपाळाला घाम येणे, दूध सोडणे, हातपाय गार पडणे, बाळ लोळागोळा होणे, आकडी येणे, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ही सारी तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत. शांत असलेल्या बाळाचे श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावेत. ते ६० किंवा अधिक भरले, तर पुन्हा मोजावेत आणि तितकेच भरल्यास विलंब करू नये. हीच लक्षणे जंतुसंसर्गातही दिसतात. निदान करणे हे पालकांचे काम नव्हे. लक्षण पाहून निघणे हे त्यांचे काम आहे.

अशी लक्षणे ओळखण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही, याचा दाखला महाराष्ट्रानेच दिला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. तेथील मुख्य शत्रू जंतुसंसर्ग होता. इतर गावांशी तुलना करता या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज आशा कार्यकर्त्या घरी येऊन बाळाचे वजन व ताप पाहतात, त्यामागे या कामाची प्रेरणा आहे.

पहिले काही तास

मध्यरात्री बाळ निळसर पडले, तर मोठ्या रुग्णालयाचा पत्ता शोधण्यात वेळ दवडू नये. नवजात अतिदक्षता कक्ष असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय गाठावे. शासकीय जिल्हा रुग्णालयांत यासाठी विशेष नवजात काळजी कक्ष असतात आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. वाटेत बाळाला आईच्या किंवा वडिलांच्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे धरून वरून पांघरूण घ्यावे. गारठा आजारी बाळाची शक्ती वेगाने खर्च करतो. मलूल बाळाच्या तोंडात बळेच दूध, मध किंवा गुटी घालू नये.

नळीने प्राणवायू देऊनही बाळाचा रंग सुधारत नसेल, तर डॉक्टरांचे लक्ष हृदयाकडे वळते. अशा वेळी प्रोस्टाग्लँडिन हे औषध शिरेतून सुरू करतात. ते मिटू लागलेली नलिका पुन्हा उघडते आणि शस्त्रक्रियेपर्यंतचा अवधी मिळवून देते. या औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून पुढील प्रवास प्रशिक्षित पथकासह आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णवाहिकेतूनच करावा लागतो. 'आधी स्थिर करू, मग हलवू' असे डॉक्टर म्हणतात तेव्हा ती दिरंगाई नसते. तो उपचाराचाच भाग असतो. रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेल्या बाळावरील 'आर्टेरिअल स्विच' शस्त्रक्रिया ब्राझीलचे शल्यविशारद आदिब जातेने यांनी १९७५ मध्ये प्रथम यशस्वी केली. आज ती बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच केली जाते.

घरातील माणसे

अशा प्रसंगी पुष्कळदा वडील बाळासोबत एका शहरात आणि ताजी बाळंतीण दुसरीकडे, अशी ताटातूट होते. रिकाम्या पाळण्याशेजारी पडून राहिलेल्या मातेचे मन स्वतःलाच दोष देऊ लागते. त्यात 'ग्रहण पाळले नव्हते', 'काहीतरी खाण्यात आले असेल' असे शेरे तिच्या कानी पडतात. वस्तुस्थिती अशी, की बहुतेक जन्मजात हृदयविकारांचे एकच एक कारण सापडत नाही. अनियंत्रित मधुमेह, गरोदरपणातील रुबेला, काही औषधे आणि रक्ताच्या नात्यातील विवाह यांमुळे धोका वाढतो. ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही. हे सांगण्याची जबाबदारी घरातील ज्येष्ठांनी घ्यावी. आई काढून पाठवत असलेले दूध पुढे बाळाच्या उपयोगी पडते; डॉक्टरांच्या सल्ल्याने तो क्रम चालू ठेवल्यास आपण बाळासाठी काही करीत आहोत, हा दिलासाही तिला मिळतो. दोघांपैकी एकाने बाळापाशी थांबावे, एका निकटवर्तीयाने कागदपत्रे आणि पैशांचे पाहावे, आणि डॉक्टरांशी रोज एकाच व्यक्तीने बोलून टिपण ठेवावे. यामुळे गोंधळ पुष्कळ कमी होतो.

आर्थिक पूर्वतयारी

बाळंतपणाचा खर्च बहुतेक कुटुंबे आधीच बाजूला काढतात; बाळाच्या आजारपणाचा विचार मात्र अशुभ मानला जातो. प्रसूतीपूर्वीच आपली आरोग्य विमा पॉलिसी काढून तीन गोष्टी वाचाव्यात. नवजात बाळास संरक्षण पहिल्या दिवसापासून आहे की काही महिन्यांनंतर, बाळाचे नाव किती दिवसांत कळवावे लागते, आणि आंतरिक जन्मजात विकारांबाबत काय लिहिले आहे. नोकरदारांनी सामूहिक विम्याचे नियम कार्यालयातून समजून घ्यावेत. रुग्णालयाच्या कागदांवर बाळाची नोंद बहुधा आईच्या नावानेच असते, तेव्हा आईच्या ओळखपत्रावरील आणि केसपेपरवरील नाव जुळते का, हे पाहावे. जन्माची नोंदणी २१ दिवसांच्या आत करून घ्यावी. काही रक्कम पती-पत्नींपैकी कोणालाही काढता येईल अशा संयुक्त खात्यात असावी. मुदत ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज घेता येते, हेही ध्यानात ठेवावे.

ज्यांची ऐपत नाही त्यांच्यासाठीही दारे उघडी आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयविकारांचा समावेश आहे. आयुष्मान भारत आणि महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांतून पात्र कुटुंबांना अशा शस्त्रक्रियांसाठी साहाय्य मिळते, तर राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात. कर्नाटकात सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी २००३ मध्ये 'यशस्विनी' योजना कार्यान्वित झाली. महिन्याला अवघे पाच रुपये भरून लाखो कुटुंबांनी शस्त्रक्रियेचे संरक्षण मिळवले. थोडेथोडे पण वेळेवर बाजूला ठेवलेले धन संकटकाळी किती मोठे होते, याचे हे उदाहरण होय.

पाचवीच्या रात्री घरातील कोणी जागे राहणारच असेल, तर त्या व्यक्तीने एकदा बाळाची जीभ उजेडात पाहावी, मिनिटभर त्याचे श्वास मोजावेत आणि जवळच्या नवजात कक्षाचा दूरध्वनी क्रमांक त्या कोऱ्या कागदावर लिहून ठेवावा.