मुंगीच्या पावलांनी

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत. कोरोनाने ती म्हण खरी करून दाखवली. हत्ती सर्वांनी पाहिला. २०२० साली आमच्या दहिसरला पालिकेचे जम्बो कोविड केंद्र उभे राहिले, ते इथे कोणी विसरलेले नाही. मुंगीकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

माझ्या यजमानांना एप्रिल २०२१ मध्ये कोरोना झाला. ताप आठवड्यात उतरला, थकवा उतरेना. दहिसर स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबावे लागे. बाजारात गेल्यावर काय आणायचे तेच आठवत नसे. छातीचा फोटो, रक्ताच्या तपासण्या, सारे ठीक! मग कचेरीत कुजबुज सुरू झाली : ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे कामाचा कंटाळा.’ दुखण्यापेक्षा हे बोलणे त्यांना अधिक लागले.

वास्तविक या त्रासाला नाव आहे, लाँग कोविड. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या केली. संसर्गानंतर साधारण ३ महिन्यांनीही जाणवणारी, निदान २ महिने टिकणारी आणि अन्य कोणत्याही आजाराने उलगडा न होणारी लक्षणे, अशी ती व्याख्या. थकवा, धाप, विस्मरण ही त्यांतली नेहमीची. मुंबईच्या केईएम रुग्णालयाने तर २०२० मध्येच अशा रुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला होता. फ्लूनंतरही काहींचा थकवा महिनोन्महिने रेंगाळतो. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह आधी तपासून घ्यावेतच. पण तपासणीत काही सापडले नाही, म्हणजे त्रासच नाही असे नव्हे.

‘जरा हिंडा-फिरा, आळस जाईल,’ असा सल्ला आपण प्रेमाने देतो. अनेकांना तोच बाधतो. एक दिवस जास्त धावपळ झाली, की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. हमखास औषध अजून नाही. म्हणून महिनाअखेरचे पैसे पुरवावेत तशी शक्ती पुरवावी लागते. कामे वाटून घ्यायची, दमण्याआधीच बसायचे. छातीत दुखले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मात्र लगेच डॉक्टर गाठायचे.

यजमानांना सावरायला दीड वर्ष लागले. त्या काळात त्यांना सर्वांत मोठा आधार वाटला तो एका साध्या वाक्याचा : ‘तुम्ही म्हणता ते खरे आहे.’ घरच्यांना आणि वरिष्ठांना ते म्हणायला पैसे पडत नाहीत.