दुर्बिणीविना नेम

नेमबाजीच्या रायफलला दुर्बीण असतेच, असा आपला समज आहे. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत तिला नियमानेच बंदी आहे. मागे बारीक छिद्र, पुढे कडी. छिद्रात कडी व कडीत काळे लक्ष्य नेमके मधोमध दिसले की नेम साधला. ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे! म्हणून दस्त्याची लांबी हाताप्रमाणे, गालपट्टीची उंची डोळ्याप्रमाणे जुळवतात. मान ताणली की नेम ढळतो. बालेवाडीत सराव केलेल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये अशाच रायफलने कांस्यपदक मिळवले. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. लाखांची रायफल कुठून आणणार? एन.सी.सी.च्या रायफलचा दस्ता बदलत नाही. तेव्हा मीच माझी बैठक तिला जुळवतो आहे.