सभासदांचे दप्तर आणि संगणकातील फेरफार

ज्या संस्थेचे कार्यवाहपद मी काही वर्षे सांभाळले, तिच्या कपाटात सभासदांची एक जुनी, कापडी पुठ्ठ्याची नोंदवही आहे. तिचे कोणतेही पान उघडावे, तर एखाद्या सभासदाचा पत्ता तांबड्या शाईच्या बारीक रेघेने छेदलेला, परंतु त्या रेघेखालूनही स्वच्छ वाचता येणारा असा दिसतो. त्याच्या वरच्या मोकळ्या जागेत नवा पत्ता असतो, आणि समासात 'सभासदाच्या पत्रावरून' एवढा शेरा, तारीख आणि त्या वेळच्या कार्यवाहांची आद्याक्षरे असतात. जुने काय होते, नवे काय झाले, ते कशाच्या आधारे झाले आणि कोणाच्या हातून झाले, हे सारे त्या बोटभर जागेत मावलेले असते. पुढे हीच नोंदवही संगणकात उतरवण्याचे काम आमच्याकडे निघाले, तेव्हा पत्ते बदलले गेले, नावे दुरुस्त झाली, यादी सुबक झाली. पण समास मात्र नाहीसा झाला. मंडळे, जिमखाने, ग्रंथालये यांची दप्तरे आता बहुतांशी संगणकात गेलेली असल्यामुळे, या समासाच्या अभावी जे गैरसमज सर्वत्र रूढ झाले आहेत, त्यांचा एकदा सविस्तर परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

पहिला आणि सर्वांचे मूळ असलेला गैरसमज असा की, नोंद अद्ययावत करणे म्हणजे जुना मजकूर खोडून त्या जागी नवा लिहिणे. आपल्या महाराष्ट्राला तरी हा समज शोभणारा नाही, कारण नोंद कशी बदलावी याची एक उत्कृष्ट पद्धती आपल्या गावोगावच्या महसुली दप्तरात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. जमिनीचा धारक बदलला म्हणून तलाठी सात-बाऱ्यावरचे नाव परस्पर बदलत नाही. तो आधी गाव नमुना सहा या फेरफार नोंदवहीत खरेदीखत, वारसा, वाटणी असे जे काही कारण असेल त्यासह नोंद घालतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५० प्रमाणे संबंधितांना नोटीस दिली जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावर सात-बाऱ्यावर जुने नाव कंसात जाते व नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक उमटतो. त्या क्रमांकाचा माग काढीत मनुष्य आजोबांच्या काळापर्यंत मागे जाऊ शकतो. सभासदाचा पत्ता ही जमिनीइतकी मौल्यवान वस्तू नाही आणि त्यासाठी कोणी पंधरा दिवसांची नोटीस काढावी असे माझे म्हणणे नाही. परंतु आधार, तारीख आणि हात या तीन गोष्टी नोंदल्यावाचून केलेला बदल हा फेरफार नसून केवळ खाडाखोड आहे, आणि संगणकातील खाडाखोड कागदावरच्यासारखी डोळ्यांना दिसतही नाही, ही वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असतेच. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांसाठी तयार होऊन २००० सालच्या जानेवारीत वापरात आलेली आणि आज आपल्याकडील अनेक ग्रंथालयांनी स्वीकारलेली 'कोहा' ही मुक्त प्रणाली घेतली, तर वाचक-सभासदाच्या नोंदीत कोणी व केव्हा बदल केला याचा रोजनामा तिच्यात ठेवता येतो. मात्र तो रोजनामा चालू ठेवणे वा बंद करणे संस्थेच्या हाती असते, आणि तो चालू आहे की नाही हे कार्यवाहांनी स्वतः पाहिलेले असावे लागते.

दुसरा गैरसमज सभासदाच्या ओळखीविषयीचा आहे. नावावरून सभासद ओळखता येतो असे पूर्वी मानीत. आता नावाच्या जागी मोबाईल क्रमांक आला आहे, आणि त्यावर लोकांचा विश्वास अधिकच दृढ आहे. प्रत्यक्षात मोबाईल क्रमांक हा माणसाचा कायमचा गुणधर्म नव्हे. बंद पडलेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दूरसंचार कंपनी दुसऱ्या ग्राहकास देऊ शकते, म्हणजे क्रमांकावरून सभासद शोधणारी यादी एके दिवशी एका परक्या गृहस्थाला वर्गणीच्या थकबाकीचे स्मरणपत्र पाठवील. शिवाय घरातील चार सभासदांसाठी वडिलांचा एकच क्रमांक दिलेला असणे, ही आपल्याकडची नित्याची गोष्ट. नावाची अडचण तर याहून सूक्ष्म आहे. 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारांनी उमटवता येतो: एक तर 'ऱ' या स्वतंत्र वर्णाने, नाहीतर साध्या 'र'ला हलन्त लावून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही रूपे तंतोतंत सारखी दिसतात. परंतु पुष्कळ सॉफ्टवेअरांच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द असतात, आणि एका प्रकाराने शोधले असता दुसऱ्या प्रकाराने नोंदलेला सभासद सापडत नाही. सापडला नाही म्हणजे तो नवा, असे समजून मदतनीस नवी नोंद उघडतो, आणि एकाच गृहस्थांच्या नावे दोन सभासद क्रमांक, दोन पावत्यांच्या मालिका आणि निवडणुकीच्या यादीत दोन मते उभी राहतात. यावर उपाय एकच : संस्थेने दिलेला सभासद क्रमांक हीच ओळख मानावी, तो क्रमांक कधीही बदलू नये आणि सभासद गेल्यावरही दुसऱ्या कोणास देऊ नये. दुबार नोंदी आढळल्या तर जुना क्रमांक राखून दुसऱ्या नोंदीवरच्या पावत्या त्याच्याखाली आणाव्या. एक नोंद सरळ पुसून टाकली तर तिच्यावरच्या पावत्या निराधार होतात.

या क्रमांकाचे महत्त्व स्त्री-सभासदांच्या बाबतीत विशेष जाणवते, आणि येथे झालेला अन्याय मला फार बोचतो. विवाहानंतर एखादी सभासद नव्या नावाने वर्गणी भरते, मदतनिसाला ते नाव यादीत दिसत नाही, तो तिला नवी सभासद म्हणून नोंदतो, आणि तिची पंधरा-वीस वर्षांची ज्येष्ठता एका दुपारी पुसली जाते. उलट, विवाह झाला म्हणून नाव बदललेच पाहिजे असे गृहीत धरून तिने न मागितलेला बदल परस्पर करणारेही आहेत. विवाहाने नाव बदलण्याचे कोणतेही कायदेशीर बंधन नाही; बदल तिच्या अर्जावरूनच व्हावा, क्रमांक तोच राहावा, आणि पूर्वीचे नाव शोधात सापडेल अशा वेगळ्या रकान्यात जपून ठेवावे. नावाच्या रकान्यांची मूळ आखणीच आपल्या रीतीस धरून नसते हेही येथे सांगितले पाहिजे. परदेशी आखणीच्या पुष्कळ सॉफ्टवेअरांत पहिले नाव आणि आडनाव असे दोनच चौकोन असतात, आणि आपले मधले नाव कधी एकात तर कधी दुसऱ्यात कोंबले जाते. आता १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरविला आहे; ती मुले उद्या बालविभागाचे सभासद होऊन येतील, तेव्हा चार नावांना चार रकाने असलेले बरे.

'सारी यादी एक्सेलमध्ये दुरुस्त करून एकदम चढवली की काम भागले,' ही समजूत उत्साही तरुण कार्यकर्त्यांत फार आढळते. त्यांच्या उत्साहाबद्दल मला आदर आहे, पण एक्सेल हे हिशेबाचे साधन आहे, दप्तराचे नव्हे. '०४७' हा सभासद क्रमांक तेथे टंकला की आरंभीचे शून्य गळून '४७' उरतो. जन्मतारखेतले वर्ष दोनच अंकांत '२८' असे लिहिले, तर नेहमीच्या मांडणीत ते २०२८ धरले जाते, कारण २९ पर्यंतची वर्षे या शतकात आणि ३० पासूनची मागील शतकात घालण्याचा त्याचा शिरस्ता आहे. अशा रीतीने संस्थेचे सर्वांत वृद्ध सभासद अद्याप जन्मालाच आलेले नाहीत असे यादी सांगू लागते. आमच्या एक सभासद बाई चाळीत ३/१२ क्रमांकाच्या खोलीत राहत असत. एके वर्षी वार्षिक सभेचे त्यांना पाठवलेले पत्र परत आले, तेव्हा लिफाफ्यावरची चिठ्ठी पाहिली. तिच्यावर खोली क्रमांकाच्या जागी '३ डिसेंबर' असे छापलेले होते. मजकूर चढवण्यापूर्वी तो रकाना अंकांचा वा तारखेचा नसून अक्षरांचा आहे, असे ठरवून दिले असते तर त्या बाईंची सभा चुकली नसती. याखेरीज यादी चढवताना 'जुळणारी नोंद सापडल्यास ती बदलावी की सोडून द्यावी' असा जो प्रश्न सॉफ्टवेअर विचारते, त्याचे उत्तर विचार न करता दिले, तर एक तर गेल्या महिन्यातल्या ताज्या दुरुस्त्यांवर जुनी यादी पसरते, नाहीतर नव्या दुरुस्त्या मुळीच शिरत नाहीत. आधी पाच-दहा नोंदी चढवून त्यांची मूळ कागदाशी रुजुवात घ्यावी, आणि मगच उरलेल्या चढवाव्या.

वर्गणीची यादी निराळी, निमंत्रणांची निराळी आणि मतदारांची निराळी, आणि प्रत्येकीत पत्ता स्वतंत्रपणे लिहिलेला, ही व्यवस्था सुरक्षित असते असेही काही जण मानतात. १९७० साली आय.बी.एम.मधील एडगर कॉड यांनी माहितीची मांडणी कोष्टकरूप संबंधांत करण्याचा जो सिद्धान्त मांडला आणि ज्यावर आजची बहुतेक सॉफ्टवेअरे उभी आहेत, त्यातून पुढे विकसित झालेला नियम याच्या नेमका उलट आहे : एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी आणि बाकीच्यांनी तिच्याकडे बोट दाखवावे. तीन ठिकाणी लिहिलेला पत्ता दोन ठिकाणी बदलतो आणि तिसऱ्या ठिकाणी तसाच राहतो, आणि कोणता खरा हे सांगण्यास कोणी उरत नाही.

सभासद निवर्तले किंवा त्यांनी राजीनामा दिला, म्हणजे त्यांची नोंद काढून टाकावी, हा आणखी एक दृढमूल समज. त्यांना पत्र जाऊ नये हे अगदी रास्त. वडिलांच्या नावे आलेले वाढदिवसाचे अभीष्टचिंतन वाचताना घरच्यांना काय वाटत असेल याची कल्पना करवत नाही, आणि म्हणून निधनाची नोंद कळल्या दिवशीच झाली पाहिजे. पण नोंद बदलणे वेगळे आणि नष्ट करणे वेगळे. सभासदाच्या स्थितीचा रकाना 'दिवंगत' वा 'राजीनामा' असा बदलून तारीख घातली, की पत्रव्यवहार थांबतो आणि इतिहास, पावत्या, त्यांनी दिलेल्या देणग्या जागच्या जागी राहतात. 'मुदत संपली' असा शेरा संगणकाने आपोआप दाखवला, म्हणजे सभासदत्व गेले, असेही समजू नये. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० याच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्यास त्या अधिनियमाखालील कामकाजात मताचा अधिकार नाही व त्याची सभासदांत गणनाही होत नाही. परंतु सभासदत्व कायमचे रद्द होणे हा संस्थेच्या नियमावलीचा आणि कार्यकारी मंडळाच्या ठरावाचा विषय आहे. संगणक तारखा मोजतो. ठराव करीत नाही.

त्याचप्रमाणे, नवे कार्यकारी मंडळ निवडून आले आणि त्याची नावे सॉफ्टवेअरमध्ये भरली, की कायद्याची पूर्तता झाली असे नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज ९० दिवसांत द्यावा लागतो. सामान्य सभासदाच्या पत्त्याला अशा अर्जाची गरज नाही. बॅकअपबद्दल थोडक्यात एवढेच की, दोन यंत्रांवर एकच यादी आपोआप सारखी होत राहणे म्हणजे बॅकअप नव्हे. एकीकडे झालेली चूक क्षणात दुसरीकडे उतरते. आणि सभासदांचे मोबाईल क्रमांक व जन्मतारखा छापून सर्वांना वाटणे हा संस्थेचा हक्क आहे, असे मानणाऱ्यांनी व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा केंद्रीय अधिनियम अवश्य वाचावा. आपल्याविषयीची माहिती दुरुस्त वा अद्ययावत करून घेण्याचा व्यक्तीचा हक्क त्यात मान्य केलेला आहे.

शेवटचा गैरसमज नीटनेटकेपणाच्या आवडीतून जन्मतो : रकाना रिकामा राहू नये. आमच्याकडे नोंदवही संगणकात उतरवताना जुन्या आजीव सभासदांच्या प्रवेशाच्या तारखा शोधण्याचे कष्ट वाचवण्यासाठी भरणाऱ्याने सर्वांना एका वर्षाची १ जानेवारी हीच तारीख दिली होती, आणि सॉफ्टवेअर तारखेवाचून पुढे जाऊ देत नव्हते, हेही त्याचे एक कारण होते. रिकामा रकाना प्रामाणिकपणे 'ठाऊक नाही' असे सांगतो. खोटी तारीख मात्र खऱ्या तारखांत मिसळून जाते आणि पुढे तिला कोणी हुडकून काढू शकत नाही. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती एका दिवंगत सभासदांचे चिरंजीव परगावाहून आले आणि 'वडील केव्हा सभासद झाले, एवढे मला हवे आहे,' असे म्हणाले, तेव्हा. मी पडद्यावरची तारीख वाचून दाखवली. त्यावर ते जरा थांबून म्हणाले, "साहेब, त्याच्या कितीतरी आधी बाबा मला हाताला धरून इथल्या व्याख्यानांना आणत असत."

कपाटातून ती कापडी पुठ्ठ्याची नोंदवही काढली. अर्ध्या तासाने नाव सापडले : शिफारस करणाऱ्या दोघांच्या सह्या, दाखल झाल्याची तारीख, पहिल्या वर्गणीचा पावती क्रमांक. चिरंजीव पानावर वाकून ती सही बराच वेळ पाहत राहिले. मग आम्ही दोघांनी मिळून संगणकातील तारीख बदलली, आणि शेऱ्याच्या रकान्यात जुनी तारीख, 'मूळ नोंदवही, पान ४१ वरून', त्या दिवसाची तारीख आणि माझी आद्याक्षरे लिहिली.