गोळी पोटात, पण लोह रक्तात?

बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्यांच्या रक्तक्षयाचा विचारही तितक्याच गांभीर्याने व्हायला हवा, आणि तो लोहाच्या गोळीपाशी थांबून चालणार नाही. नव्या तांबड्या पेशींसाठी शरीराला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. आतड्यातून जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम येते, बाकीचे जुन्या पेशी मोडून मिळते. या पुरवठ्यावर यकृतातील हेप्सिडिन या संप्रेरकाचा ताबा असतो. रक्त कमी झाले की मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक स्रवते, त्याच्या प्रभावाने अस्थिमज्जेतील वाढत्या पेशी एरिथ्रोफेरॉन हे दुसरे संप्रेरक सोडतात, हेप्सिडिन घटते आणि लोहाला वाट मिळते. जंतुसंसर्ग असेल तर उलट घडते: हेप्सिडिन वाढते आणि लोह साठ्यातच अडकून पडते.

मग गोळ्या निरुपयोगी का? मुळीच नाही. साठा रिकामा असताना हेप्सिडिन कमीच असते आणि गोळी चांगली लागू पडते. पण अंगावरून जास्त जाणे आणि संसर्ग यांवर उपचार न करता नुसत्या गोळ्या वाटणे अपुरे आहे. फडावर निघण्यापूर्वी प्रत्येकीच्या हिमोग्लोबिनची तपासणी व्हावी आणि ते का घटले, याचे कारणही शोधले जावे.